प्लगइन सापडले नाही

ज्यांच्या घरात पहिला कॉम्प्युटर विंडोज ९८ किंवा एक्सपीचा आला, त्या आमच्या पिढीला तो राखाडी चौकोन आठवत असेल. पान उघडायचे, मजकूर दिसायचा आणि जिथे चित्र हलायला हवे तिथे रिकामी जागा, मधोमध कोड्याचा एक तुकडा. हे पाहायचे असेल तर अमुक प्लगइन हवे. कधी फ्लॅश, कधी शॉकवेव्ह, कधी रिअलप्लेअर, कधी क्विकटाइम, कधी जावा. ब्राउझरला तेव्हा वाचून दाखवण्यापलीकडे फारसे येत नसे. हलणारे आणि वाजणारे सगळे बाहेरून आणून त्याला जोडावे लागे.

आता काही जोडावे लागत नाही. व्हिडिओ ब्राउझर स्वतःच दाखवतो, पीडीएफ स्वतःच उघडतो आणि नवी आवृत्ती आली की आपल्याला न विचारता ती घेऊन मोकळा होतो. आपल्या कॉम्प्युटरवर ब्राउझरची कितवी आवृत्ती आहे, हे आज घरात कुणालाच सांगता येणार नाही, आणि सांगता यावे अशी गरजही उरलेली नाही. ही सुधारणा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी त्या गरजेबरोबर जे गेले त्याची रुखरुख वाटते, आणि ती खोटी म्हणून झटकून टाकावीशी वाटत नाही.

तेव्हाच्या दुरुस्तीला एक क्रम होता. ब्राउझर गोठला की टास्क मॅनेजर उघडून त्याला संपवायचे. मग सगळी प्लगइन बंद करून एकेक चालू करत जायचे, दर वेळी ब्राउझर मिटून पुन्हा उघडायचा आणि कुठल्याशी गाठ पडल्यावर तो अडकतो ते बघायचे. फ्लॅश दोनदा बसवावे लागे, इंटरनेट एक्सप्लोररसाठी वेगळे आणि इतरांसाठी वेगळे. एक नवे केले तरी दुसरे जुनेच राही. जावाची तऱ्हा निराळी. बरीच वर्षे नवे जावा बसवल्यावर जुने आपोआप निघत नसे. कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रामांची यादी सावकाश भरत जाई आणि तिच्यात जावाच्या चार-पाच पिढ्या एकाखाली एक नांदताना दिसत. त्या हाताने काढाव्या लागत. नवे बसवताना खिडकीच्या तळाशी एखादा टूलबार आधीच खूण करून ठेवलेला असे, ती खूण काढायला विसरले की घरातल्या सगळ्यांचे पहिले पान बदलून जाई. म्हणून एकाने माउस धरायचा आणि दुसऱ्याने प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायची, अशी पद्धत पडली होती. वडिलांना मुलाकडून काही शिकावे लागण्याचे ते बहुधा पहिलेच काम, आणि आमच्या घरांत ते फार आनंदाने शिकले गेले.

५६ केबीपीएसच्या मॉडेमवर दहा एमबीची फाइल उतरायला कागदावर पंचवीस मिनिटे, प्रत्यक्षात कितीतरी जास्त. तोवर फोन बंद. मध्येच लाइन तुटली तर पहिल्यापासून. त्यामुळे संगणक मासिकांबरोबर येणारी सीडी जपून ठेवली जाई, कारण तिच्यात ब्राउझरबरोबर फ्लॅश आणि जावाही असे. शेजारी ती मागायला येत आणि परत आणूनही देत. आज तेवढी फाइल डोळ्याची पापणी लवायच्या आत उतरते आणि ती उतरली हे कळतही नाही.

मराठी वाचायची म्हटली तर आणखी एक पायरी होती. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांचे फाँट वेगवेगळे. ज्याचे वाचायचे त्याचा फाँट आधी उतरवायचा, नाहीतर मराठीऐवजी रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची खिचडी समोर यायची. फायरफॉक्स वापरणाऱ्यांसाठी ‘पद्म’ नावाची एक जोडणी होती, ती असा मजकूर जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलून दाखवी. परदेशी गेलेल्या आमच्या मित्रांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फाँट बसवायची मुभा नसे, ते घरी पोचल्यावर गावाकडची बातमी वाचत. आज फोनवर, कुठल्याही देशात, काहीही न बसवता मराठी दिसते. या बाबतीत जुन्या दिवसांसाठी माझ्याकडे एकही उसासा नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीतही नाही. एक्सपीवर घरातला प्रत्येक जण सर्वाधिकारी म्हणूनच लॉगइन असायचा आणि प्लगइन वापरणाऱ्याच्या सगळ्या अधिकारांनिशी चालायचे. म्हणजे त्यात भोक सापडले की परक्याच्या हाती घराची किल्लीच. मॅकला काही होत नाही असे मानणाऱ्यांनाही २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या घातक प्रोग्रामने गाठले. जावातल्या त्रुटीतून सहा लाखांहून अधिक मॅक त्याच्या कह्यात गेले. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने ब्राउझरमधले जावा बंद करा, असा सल्ला दिला. जुलै २०१५ मध्ये हॅकिंग टीम या इटालियन कंपनीची कागदपत्रे फुटली, त्यांत फ्लॅशची बाहेर कुणालाच ठाऊक नसलेली भोके निघाली आणि फायरफॉक्सने काही काळ फ्लॅश अडवूनच धरले. आम्ही रविवारी दुपारी जे भक्तिभावाने अद्ययावत करत होतो, ते पुढच्या रविवारपर्यंत सुरक्षित राहीलच असे नव्हते.

आणि हे ठाऊक असूनही ते काढता येत नसे. डिजिटल स्वाक्षरी जावामधून चालायची, त्यामुळे सीएंच्या ऑफिसात किंवा ई-निविदा भरणाऱ्या ठेकेदाराकडे एक जुना कॉम्प्युटर जावाच्या ठरावीक आवृत्तीसाठी राखून ठेवलेला असे. त्याला अपडेट करायचे नाही, हात लावायचा नाही. शेवटच्या तारखेला स्वाक्षरी उमटेना की कुणीतरी फोनवर सांगे: जावाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जा, सुरक्षितता एक पायरी खाली आणा, अपवादांच्या यादीत हा पत्ता टाका. सुरक्षिततेसाठी केलेली स्वाक्षरी सुरक्षितता कमी केल्याशिवाय होत नसे. ते दिवस गेले हे फार बरे झाले.

मग हळहळ कशाची? एक म्हणजे त्या प्लगइनांच्या आत राहिलेल्या गोष्टींची. क्रोमने २०१५ मध्ये नेटस्केपच्या काळापासून चालत आलेल्या प्लगइनांचा आधार काढला, २०१७ मध्ये फायरफॉक्सने फ्लॅश सोडून बाकीची काढली. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते चालेनासेच झाले. दिवाळीत ईमेलने येणारी शुभेच्छापत्रे त्यात होती: पणतीवर माउस नेला की ती पेटायची, आकाशकंदील हलायचा, कर्कश सनई वाजायची. ती सुंदर नव्हती. पण ती उघडेपर्यंत सगळे घर पडद्याभोवती जमून थांबायचे. आता शुभेच्छा शेकड्याने येतात, लगेच दिसतात आणि त्यांच्यासाठी कुणी थांबत नाही. रफल नावाच्या प्रकल्पामुळे जुनी फ्लॅशचित्रे प्लगइनशिवाय पुन्हा चालू लागली आहेत, इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० पासून तशी हजारो चित्रे ठेवली आहेत. ज्यांनी हे केले त्यांचे उपकार आहेत.

दुसरी हळहळ जास्त खोल आहे. आपल्या कॉम्प्युटरवर काय काय चालते ते आम्हाला नावानिशी माहीत होते, ती माहिती आता नाही. ब्राउझरच्या कोपऱ्यात कोड्याचा तुकडा अजूनही आहे. पूर्वी तो काहीतरी कमी असल्याचे सांगे, आता तो दाबला की काय काय बसले आहे ते दिसते. कूपन शोधणारे, स्क्रीनशॉट काढणारे, व्याकरण तपासणारे एक्स्टेन्शन. त्यांना जुन्या प्लगइनांसारखे अख्खे यंत्र मोकळे नसते, पण बसवताना ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागितली जाते, आणि ती ओळ आता कुणी मोठ्याने वाचत नाही.

आमच्या जुन्या सवयीचा इथे उपयोग किती, हाही प्रश्नच आहे. आम्ही बिघाडामागे जायला शिकलो होतो: गोठले, अडकले, बंद पडले की शोध सुरू. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे एक्स्टेन्शन खूप लोकप्रिय होते. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्याला विकले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते घातक ठरवून काढून टाकले. मधल्या काळात ते कुठे अडकत नव्हते, ब्राउझरही गोठवत नव्हते. टॅब पूर्वीसारखेच झोपत होते, त्यामुळे आमच्या पद्धतीने एकेक बंद-चालू करून पाहणाऱ्याला त्यात काहीच सापडले नसते.