फियाट आणि हेराल्ड

दोन वस्तू शेजारी ठेवल्या, की त्यांतली एक श्रेष्ठ ठरवण्याची आपल्याला घाई होते. निवृत्तीनंतर मी म्हैसूरच्या बोगादीत, मानसगंगोत्रीच्या पलीकडे स्थायिक झालो, तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या दोन जुन्या मोटारी मला या घाईविषयी सावध करीत आल्या आहेत. एका घरापुढे फियाट ११०० डिलाइट उभी असते, दुसऱ्यापुढे स्टँडर्ड हेराल्ड.

दोघींचे कूळ युरोपीय. इटलीत १९५३ साली अवतरलेली फियाट ११०० आपल्याकडे आली ती वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून. हेराल्ड ब्रिटनमधली, १९५९ ची. १९६१ पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. मौज अशी, की या इंग्रज गाडीचे रूप रेखाटले ते ज्योव्हान्नी मिकेलोत्ती या तुरीनच्या कलावंताने. वाङ्मयातही जिला आपण राष्ट्रीय मुद्रा म्हणून मिरवतो, तिच्यामागे पुष्कळदा परका हात असतो.

निव्वळ रूप पाहिले, तर माझे मन हेराल्डकडे झुकते. तिच्या रेषा रेखीव आहेत. बाजूच्या मडगार्डांसह सबंध बॉनेट पुढे कलते आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळे होते. अवघ्या पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती वळते. मात्र मागच्या आसाची रचना अशी, की वेगाने वळण घेताना चाक आत दुमडू पाहते. फियाटला असा नखरा नाही. सांगाडा आणि कवच एकच, १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर, चार दारे. संसारी माणसाची गाडी!

हेराल्डचे उत्पादन १९७१ मध्ये थांबले. फियाट पुढे 'पद्मिनी' झाली. हे नाव कारखान्याचे. तिच्या आधीच्या रूपाला 'डुक्कर फियाट' म्हटले ते लोकांनी. काळ्या-पिवळ्या रंगात ती ऑक्टोबर २०२३ अखेरपर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावली. एवढ्यावरून तिला श्रेष्ठ म्हणावे काय? परवाना-पद्धतीच्या त्या काळात गिऱ्हाइकाला निवडीला वावच थोडा होता; नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तिच्या दीर्घायुष्यात या सक्तीचा वाटा मोठा आहे. पण तेवढाच नाही. नाक्यावरच्या मिस्त्रीला ती उलगडली होती, तिचे सुटे भाग मिळत होते, आणि टॅक्सीवाल्यांनी तिला पोटाशी धरले होते.

एखादी कृती 'काळाच्या कसोटीला उतरली' असे आम्ही समीक्षक सहज लिहून जातो. ती कसोटी कोणी घेतली, तेव्हा दुसरे काय उपलब्ध होते, कोणाच्या हातांनी ती कृती जपली, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे नेमलेले पुस्तक टिकते, आणि त्याच्याच तोडीचे दुसरे ग्रंथालयाच्या मागच्या फळीवर जाते. टिकण्याचा इतिहास लिहावा, पण त्याला गुणांचा निवाडा म्हणू नये. हेराल्डचे भाग आज सहजी मिळत नाहीत. तरी तिचा मालक ती राखून आहे. विस्मृत ग्रंथालाही असाच एखादा जाणता वाचक लागतो.