दोन बाजूंची तबकडी

१९६४ सालच्या दिवाळीत दादा मुंबईहून सोलापूरला आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन धोतरजोड्यांच्या मध्ये जपून ठेवलेली एक काळी तबकडी होती. वय वर्षे एकोणीस. सकाळी वाणिज्य महाविद्यालय आणि दिवसभर मूळजी जेठा मार्केटातील काकांच्या पेढीवर रोजकीर्द, असा त्यांचा क्रम होता. सोलापूरच्या घरी चावीचा ग्रामोफोन होता आणि त्यावर बालगंधर्वांखेरीज दुसऱ्या कोणास फारसा प्रवेश नव्हता. दादांनी तबकडी लावली. गाणे होते बीटल्सचे, ‘आय वाँट टू होल्ड युवर हँड’.

विलायतेत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या तोवर बंद झाल्या होत्या. आपल्याकडे मात्र चावीचे ग्रामोफोन पुष्कळ घरांत असल्यामुळे ग्रामोफोन कंपनी बीटल्सची गाणी त्याही आकारात काढीत असे. आज परदेशी संग्राहक नेमक्या याच भारतीय तबकड्यांच्या शोधात असतात. तेव्हा ती केवळ गिऱ्हाइकाची सोय होती.

आजी उठून आत गेल्या. आक्कांना हसू आवरेना. तात्यांनी मात्र गाणे शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “किती दिवस टिकेल हे?”

“जपून वाजवली तर शंभर वेळा सहज वाजेल, तात्या.”

“तबकडीचे नाही विचारीत. गाण्याचे विचारतो.”

कापडाच्या व्यापाऱ्यास हा प्रश्न सुचणे स्वाभाविक होते. रंग पक्का की पहिल्या धुण्यात जाणारा, हे पाहिल्यावाचून तात्यांनी आयुष्यात ठाण घेतले नव्हते. दादांपाशी उत्तर नव्हते. खरे तर ते गाणाऱ्यांपाशीही नव्हते. आपली चलती दोन-चार वर्षांची, असे ते चौघेही धरून चालले होते. रिंगो स्टार यांनी तर पुढे केशकर्तनालये काढण्याचा मानस बोलून दाखविला होता. मालही त्याच हिशेबाने तयार होई. पहिल्या मोठ्या तबकडीतील दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाली होती. पुढच्याच वर्षी ‘जानवर’ चित्रपटात शंकर-जयकिशन यांनी दादांच्या त्या गाण्याच्या धर्तीवर हिंदी गीत बांधले, आणि आक्का चित्रपटगृहातून आल्या त्या “दादा, तुझे गाणे आता शम्मी कपूर म्हणतो” असे सांगतच.

मग माल बदलू लागला. १९६५ च्या अखेरीस जॉर्ज हॅरिसन यांची सतार एका गाण्यात वाजली. १९६६ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर त्यांनी दौरे सोडले, आणि १९६७ च्या ‘सार्जंट पेपर्स’साठी स्टुडिओत चार महिन्यांहून अधिक काळ बसले. एका मित्राच्या घरी ती तबकडी ऐकून दादा खट्टू होऊन परतले. ज्या मालासाठी गिऱ्हाईक दुकानी येते तोच फळीवरून काढून टाकला, असे त्यांनी काकांना सांगितले. काकांना त्यात रस नव्हता. परंतु चालता माल बदलणारा दुकानदार शहाणा नव्हे, यावर त्यांचेही एकमत पडले. दोघांचा हा अंदाज चुकला. जुन्याच ठेक्यावर राहिलेल्या त्या काळातील कित्येक मंडळींची नावे आज हौशी संग्राहकांखेरीज कोणी घेत नाही.

१९६८ साली दादांनी ‘लेडी मॅडोना’ची लहान तबकडी घेतली. पहिली बाजू त्यांस आवडली. तीत जुना ठेका थोडा परत आला होता. दुसऱ्या बाजूस ‘द इनर लाइट’ हे हॅरिसन यांचे गाणे होते. सरोद, बासरी, पखवाज. हे ऐकावयास विलायती तबकडी कशाला, असे म्हणून त्यांनी ती बाजू पुन्हा लावली नाही.

पुढे विवाह झाला, काका थकले, पेढी दादांकडे आली. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पेढीवर येणारा माल आटला. दुसऱ्या वर्षी पेढी बंद करावी लागली. देणेकऱ्यांचा हिशेब पुरा करताना दादांनी ग्रामोफोन, प्लेअर आणि सगळ्या तबकड्या चोरबाजारातील एका व्यापाऱ्यास विकल्या. त्याने तबकड्यांचा वेगळा भाव लावला नाही. १९८५ साली त्याच चौघांच्या बहुतेक गाण्यांचे हक्क ज्या कंपनीकडे होते ती मायकेल जॅक्सन यांनी ४ कोटी ७५ लाख डॉलरला घेतल्याची बातमी आली. दादा म्हणाले, “गाणे टिकले, दस्त मात्र दुसऱ्याच्या नावावर.” स्वतःच्या तबकड्यांविषयी ते काही बोलले नाहीत.

साठी उलटल्यावर माळा आवरताना १९६८ च्या खतावणीत एक तबकडी सापडली. ‘लेडी मॅडोना’च ती. त्याच सुमारास एका पुस्तकात त्यांनी वाचले, की दुसऱ्या बाजूचे वादन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईतच, फोर्टमधील फिरोजशहा मेहता मार्गावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत मुद्रित झाले होते. हॅरिसन तेव्हा ‘वंडरवॉल’ चित्रपटाच्या संगीतासाठी येथे आले होते. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ अशी मंडळी त्या दिवसांत त्यांच्याबरोबर वाजवीत होती. रस्त्यावरच्या टॅक्सींचा आवाज आत येई, आणि सायंकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे, असे हॅरिसन यांनीच पुढे सांगितले होते.

त्या जानेवारीत दादा पेढीचे चेक घेऊन जवळजवळ रोज फोर्टातील बँकेत जात होते.

तबकडी वाजवावयास घरात यंत्र उरले नव्हते. नातवाने ते गाणे मोबाइलवर लावून दिले, तेव्हा ते त्यांनी लागोपाठ तीनदा ऐकले. दुसऱ्या दिवशी मूळजी जेठा मार्केटापासून ते मुद्दाम पायी निघाले. पंचवीस मिनिटे लागली. फिरोजशहा मेहता मार्गावर एका दारवानाने कोणाकडे जावयाचे म्हणून विचारले, तेव्हा “कोणाकडे नाही” म्हणून ते बाजूला उभे राहिले. साडेपाच झाले. कचेऱ्या सुटल्या आणि माणसे जिने उतरू लागली.