असीरगडावर भरीत-पुरी

मुंबईत मुलांना फिरवणं म्हणजे समुद्र. गिरगाव असो की जुहू, लोकल पकडायची, वाळूत दोन तास सोडून द्यायचं, एक भेळ चौघांत खायची आणि घरी यायचं. यंदा दोघांच्या शाळेची फी एकदम भरावी लागली, त्यामुळे नाताळच्या सुट्टीतला गोव्याचा बेत बारगळला. मुलांना घेऊन मी माहेरी, रावेरला आले. तिसऱ्या दिवशी चार वर्षांच्या लेकीने विचारलंच, "इथे समुद्र कुठे आहे?"

आप्पा पेपर वाचत होते. म्हणाले, "समुद्र नाही, पण असीरगड आहे. उद्या निघू."

मला जरा धाकधूकच होती. आप्पांचं वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरतात. ते मात्र शाळेत असल्यापासून तिथे जात आलेले. आईने पहाटे उठून वांगी भाजली. थंडीतलं भरीत आणि सोबत पुऱ्या, म्हणजे वाटेत हॉटेलचा प्रश्नच नाही. रावेरहून आगगाडीने बऱ्हाणपूर. तिथून खंडव्याकडे जाणाऱ्या बसने साधारण वीस किलोमीटरवर असीरगड गाव. बसमधून आधी केळीच्या बागा दिसतात, मग सातपुड्याचे डोंगर जवळ येतात आणि एका वळणावर तटबंदी दिसते. आठ वर्षांच्या लेकाने खिडकीला नाक लावलं ते उतरेपर्यंत काढलं नाही.

नर्मदा आणि तापी या दोन खोऱ्यांमधली खिंड या गडाच्या पायाशी आहे. उत्तरेतून दख्खनला येणाऱ्या फौजांची ही वाट, म्हणून याला दख्खनचा दरवाजा म्हणत. पायथ्यापासून गड सुमारे २६० मीटर उंच आहे. पायऱ्या चढताना आप्पा श्वास घ्यायला थांबायचे आणि प्रत्येक थांब्याला एक गोष्ट सांगायचे. फारुकी सुलतानांच्या या गडाला अकबराने वेढा घातला आणि जानेवारी १६०१ मध्ये तो घेतला. तोफांपेक्षा सोन्याच्या किल्लीनेच दार उघडलं असं म्हणतात. उदगीरच्या लढाईनंतर, १७६० मध्ये, निजामाकडून तो पेशव्यांकडे आला, पुढे शिंद्यांकडे गेला. १८१९ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी शिंद्यांचे किल्लेदार यशवंतराव लाड यांच्याकडून तो घेतला. लेकाचा प्रश्न असा, की इतक्या वेळा दुसऱ्यांनी घेतला तर तो मजबूत कसा? आप्पा हसले. "दगड मजबूत होते रे."

निम्म्याहून थोडं वर गेल्यावर आप्पा एका कट्ट्यावर बसले. "तुम्ही जा. मी इथून बघतो." मी म्हटलं, आपण सगळेच खाली जाऊ. तर रागावले. "मुलांना महादेवाचं दर्शन घडव. आणि पिंडीवर फूल आहे का ते बघून ये रे, मला सांग."

कारण ठाऊक असेलच. अश्वत्थामा रोज पहाटे इथल्या गुप्तेश्वर महादेवाला फूल वाहून जातो, अशी इथे पिढ्यानपिढ्या चालत आलेली समजूत. ही गोष्ट लेकाने बसमध्येच तीनदा ऐकली होती. त्या एका फुलापायी तो उरलेल्या पायऱ्या कुरकुर न करता चढला. लेकीला मात्र मला कडेवर घ्यावं लागलं.

वर मशिदीचे दोन मिनार, तलाव, पडके वाडे, इंग्रजांच्या काळातल्या कबरी. मुलांना धावायला भरपूर जागा, पण तटाला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, तेव्हा लहानांचा हात सोडू नका. पाणी घरूनच जास्त न्या. आमचं वरच संपलं आणि उतरताना दोघंही रडकुंडीला आले. ही माझी चूक. स्वच्छतागृह मिळेल असं धरूनही चालू नका. माकडांपासून डबा जपा. आमच्या दोन पुऱ्या गेल्याच.

तटावरून लेकीने खूप वेळ खाली पाहिलं. शेतं, रस्ता, मुंगीएवढे ट्रक. समुद्राचं नाव काढलं नाही.

परतताना बऱ्हाणपुरात मावा जिलेबी घेतली. कुंडी भंडारा, जमिनीखालून शहराला पाणी पुरवणारी ती १६१५ च्या सुमाराची योजना, बघायची राहिली. मुलं पेंगत होती. गाडीभाडं, चहा आणि जिलेबी धरून चौघांचे सहाशेच्या आसपास गेले.

पण ते नंतरचं. आम्ही उतरलो तेव्हा आप्पा त्याच कट्ट्यावर बसले होते. लेक धावत त्यांच्यापाशी गेला.

"होतं! झेंडूचं होतं, आणि बेलाचं पान."

"ताजं?"

"ओलं होतं, आप्पा."

मला सांगायचं होतं की गावातलं कुणीतरी सकाळी पूजेला येत असणार. आप्पांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, आणि डबा उघडला.