एकापासून निघालेली माळ

इंजिनिअरिंगला असलेली पुतणी सुट्टीत दारव्ह्याला आली ती एक गणित घेऊनच. संख्येच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवली की पुढची संख्या: 1, 2, 4, 8, 16, 23, 28, 38... या माळेतलं एकावर पंधरा शून्यं इतक्याव्या क्रमांकाचं पद काढायचं.

"काका, लूप फिरवला की झालं," ती म्हणाली. दहा लाखावं पद झटक्यात आलं: 3,10,54,319. पण सेकंदाला कोटी पावलं धरली तरी पुढच्या मजलेला दहा कोटी सेकंद, म्हणजे तीन वर्षांच्या वर लागतात.

माळ ओळखीची होती. देवळालीच्या शाळेत 1930 ते 1962 शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी अशाच बेरजांचा ध्यास घेतला होता. जी संख्या अशा बेरजेतून कुणापासूनच निघत नाही, तिला त्यांनी स्वयंभू म्हटलं, आणि 1963 मध्ये त्यावर पुस्तिकाही काढली. कागद-पेन्सिलीवर हे करणाऱ्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे.

मग आम्ही संख्या मधोमध तोडून पाहिली. उजवीकडच्या अंकांतून हातचा डावीकडे जाईपर्यंत डावे अंक हलतच नाहीत. त्यांची फक्त बेरीज कामाची. म्हणजे डावीकडची बेरीज तीच आणि उजवे अंक तेच असले, तर हातचा येईपर्यंतची वाटही तीच. ती एकदा चालायची, किती पावलं लागली आणि कुठे पोचलो ते टिपून ठेवायचं. पुन्हा तीच जोडी आली की थेट उडी. हजाराच्या उड्या जोडून लाखाच्या, त्या जोडून कोटीच्या. अशा जोड्या फार वेगवेगळ्या निघत नाहीत, हीच या गणितातली मेख. प्रोग्रामने काही सेकंदांत उत्तर दिलं.

ते बरोबर कशावरून? नऊने भागल्यावर या माळेत बाकी 1, 2, 4, 8, 7, 5 अशीच फिरत राहते. दहा लाखाव्या पदापर्यंत 9,99,999 पावलं. सहाने भागून बाकी 3, म्हणून तिथे 8 हवा. 3,10,54,319 च्या अंकांची बेरीज 26, आणि दोन अन् सहा आठ! मोठ्या पदालाही आठच हवा होता, आणि तो आला.

पुतणीने मग वहीत 7 या स्वयंभू संख्येची माळ मांडली: 14, 19, 29, 40, 44, 52, 59, 73, 83, 94, 107. शेजारी एकाच्या माळेतली पुढची पदं होती: 91, 101, 103, 107.

"काका, ह्या तं एकमेकींत मिसळल्या!" म्हणत तिने लगेच तिनाची माळ लिहायला घेतली.