आजीच्या पाच बरण्या

होस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये डोकावून बघा. टेबलावर नोट्स असोत नसोत, एक रिकामी काचेची बाटली हमखास सापडणार. कॉफी संपते, जॅम संपतो, घरून आलेलं लोणचं तर पहिल्या आठवड्यातच संपतं (आणि ते आपण सोडून बाकी सगळ्यांनी खाल्लेलं असतं!), पण बाटली काही टाकवत नाही. मग तिच्यात पेनं जातात, सुटे पैसे जातात आणि परीक्षा संपल्यावर कुणाला तरी कलेचा झटका आला की तिला रंग लागतो. मागच्या गॅदरिंगला आमच्या होस्टेलच्या जिन्यावर अशा चाळीसेक रंगीत बाटल्या आत दिव्यांच्या माळा सोडून ठेवल्या होत्या. रेक्टर मॅडमनी चक्क थांबून कौतुक केलं! तेव्हापासून "कसं केलंत गं?" या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन मी दमले, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

आता मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि घरचं बोलणं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची सगळी जबाबदारी संपादक मंडळावर सोपवून पुढे जाते. पण काचेवर रंगकाम शिकले ते मात्र त्याच कॉन्व्हेंटमध्ये. आमच्याकडे एस.यू.पी.डब्ल्यू. नावाचा तास असायचा. सोशली यूजफुल प्रॉडक्टिव्ह वर्क, म्हणजे समाजोपयोगी उत्पादक कार्य. मुली त्याला 'सम यूजफुल पीरियड वेस्टेड' म्हणायच्या! त्या तासात सिस्टरनी आमच्याकडून काचेवर मोर, द्राक्षं, राधाकृष्ण असं काय काय रंगवून घेतलं. त्यातलं समाजाच्या उपयोगाचं काय होतं ते काही कळलं नाही. ते कळायला इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष उजाडावं लागलं. ते सांगतेच, पण आधी कृती.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे फेव्हिकॉलचा. वाटीत पांढरा फेव्हिकॉल घ्या, थोडं पाणी आणि खायच्या रंगाचे चार-पाच थेंब घालून सारखं करा. मिश्रण बाटलीत ओतायचं, बाटली हळूहळू फिरवायची म्हणजे आतून सगळीकडे लागतं, मग उपडी ठेवून जास्तीचं निथळू द्यायचं. सुरुवातीला ते दुधाळ दिसतं. घाबरू नका. पाण्यात तरंगणाऱ्या डिंकाच्या बारीक कणांवरून प्रकाश विखुरतो म्हणून तो पांढरा दिसतो. पाणी उडून गेलं की कण एकमेकांत मिसळून सलग थर होतो आणि रंग पारदर्शक दिसायला लागतो. एक-दोन दिवस धीर धरायचा. मात्र हा रंग पाण्याला टिकत नाही. अशा बाटलीत फुलं ठेवून पाणी घातलंत तर संध्याकाळपर्यंत सगळं फुलांच्या देठाला! फक्त शोभेसाठी ठीक. आणि आत मेणबत्ती नको, दिव्यांची माळच बरी.

दुसरा प्रकार टिकाऊ. दुकानात काचेसाठीचे खास रंग मिळतात. त्यातले सॉल्व्हंटवाले घ्या. सोबत लायनरची ट्यूब. बाटलीचं लेबल गरम पाण्यात भिजवून काढायचं, उरलेल्या चिकट्यावर खोबरेल तेल चोळायचं, मग साबणाने धुऊन, वाळवून शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवायचा. बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी तिथे रंग धरत नाही. लायनरने आधी रेघा काढायच्या. त्या वाळल्या की काचेवर बांधासारख्या उभ्या राहतात आणि आतला रंग बाहेर पळत नाही. मग ब्रशने भरपूर रंग सोडायचा. घासत बसलं की ब्रशचे ओरखडे दिसतात. खिडक्या उघड्या ठेवायच्या, जवळपास गॅस पेटलेला नको. आम्ही तर गच्चीवरच करतो.

इतकं सगळं करून आपण काच रंगवतो असं म्हणतो, पण खरं म्हणजे काचेला रंगीत कपडा घालतो. खरी रंगीत काच भट्टीतच रंगते. रसात कोबाल्ट गेलं की निळी, सोन्याचे अतिसूक्ष्म कण असले तर माणकासारखी लाल. साध्या खिडकीच्या काचेकडे कडेने बघितलंत तर हिरवट दिसते, ती वाळूतल्या लोखंडामुळे.

आणि या भट्ट्या काही परक्या नाहीत बरं का. १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तो लोकांकडून एकेक पैसा गोळा करून! तिथे काम उभं करणारे ईश्वरदास वार्ष्णेय जपानमध्ये आणि अमेरिकेतल्या एम.आय.टी.त शिकून आले होते. पुढे १९१६ साली ओगले ग्लास वर्क्स सुरू झालं. कऱ्हाडजवळची ओगलेवाडी ती हीच. त्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी असायचा. तो कारखाना आता नाही, पण माझी आजी कऱ्हाडची आणि तिचे वडील त्या कारखान्यात कामाला होते. त्यामुळे काच दोन्ही हातांनी धरायची, ही शिस्त आमच्या घरात अजून आहे.

तर आता आजीबद्दल. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालल्याचं निघालं. डॉक्टरी भाषेत मॅक्युलर डिजनरेशन. यात कडेचं दिसत राहतं, मधलं जातं. म्हणजे दारात कुणी उभं आहे हे कळतं, पण चेहरा कळत नाही. पेपर आहे हे दिसतं, अक्षरं दिसत नाहीत. तरी आजी सगळा स्वयंपाक करायची. आम्हाला वाटायचं, तेवढं दिसत असेल.

मागच्या वर्षी काकूने हौसेने स्वयंपाकघर नवीन केलं. ट्रॉल्या आल्या, पांढराशुभ्र ओटा आला आणि फळीवर एकसारख्या बारा काचेच्या बरण्या आल्या. अगदी मासिकातल्या फोटोसारखं! जुन्या बरण्या कामवाल्या मावशींना दिल्या. त्यात एक बसकी होती, एक हॉर्लिक्सची लांब मानेची, एक टवका उडालेली. दिवाळीत पाहुणे आले, आजीने चहा केला आणि त्यात मीठ पडलं. सगळे हसले. आजीही हसली. काका म्हणाला, "आई, आता पुरे झालं. आता तू फक्त बसून खायचं." तो प्रेमानेच म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी ओट्याजवळ आलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हॉलमधल्या खुर्चीत बसून ती भांड्यांचे आवाज ऐकायची आणि मधेच म्हणायची, "फोडणी करपतेय गं." ती खरंच करपत असायची.

काकूला वाईट वाटलं. तिने बरण्यांवर मोठ्या ठळक अक्षरांत लेबलं लावली. पण अक्षरंच तर दिसत नाहीत! मी आजीला विचारलं, "मग इतके दिवस तुला कळायचं कसं?" म्हणाली, "बसकीत मीठ, लांबटीत साखर, टवक्याच्या बरणीत रवा. हाताला ठाऊक होतं." म्हणजे आजी नजरेने स्वयंपाक करतच नव्हती. आमच्या सुंदर नव्या स्वयंपाकघराने तिच्या हातांची ओळख पुसून टाकली होती.

हा प्रश्न माझ्या हातातला होता. आधी मी आजीबरोबर यादी केली. हळद, तिखट, चहा, डाळी यांचा घोटाळा होत नाही. वास येतो, रंग गडद असतो, हाताला दाणा लागतो. गोंधळ फक्त पांढऱ्या मंडळींचा. मीठ, साखर, रवा, तांदळाची पिठी आणि खायचा सोडा. म्हणजे बारा नव्हे, पाचच बरण्या. आणि पारदर्शक रंगाची गंमत अशी, की मागून प्रकाश परत आला तरच तो खुलतो. चहापावडरीच्या बरणीवर लाल रंग काळाच दिसेल. पांढऱ्या साखरेवर तो पेटतो. ज्या बरण्यांना रंगाची गरज होती, त्याच बरण्यांवर तो उठून दिसणार होता.

पण कुठले रंग? वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश आत कमी पोचतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांचं भिंग नवं असतं, त्यांचं वेगळं. आजीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, एकाचं नाही! त्यामुळे पुस्तक बाजूला ठेवून सरळ टेस्टिंग केलं. सहा छोट्या बाटल्यांत मीठ भरलं, बाहेरून सहा रंग दिले आणि सकाळी, दुपारी, रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात आजीची तोंडी परीक्षा घेतली. लाल आणि पिवळा तिन्ही वेळा पास. हिरवा, निळा आणि जांभळा रात्री तिघेही एकाच वर्गात. "हे तिन्ही काळेच आहेत की!" नारिंगी कधी लाल व्हायचा, कधी पिवळा. निकाल लागला. मीठ लाल, साखर पिवळी, सोडा गडद निळा पण वेगळ्या फळीवर, रवा आणि पिठी बिनरंगाच्या.

रंग फक्त बाहेरून द्यायचा ठरला, कारण आत खायची वस्तू. तोंडाजवळ दोन बोटं जागा कोरी आणि मागच्या बाजूला एक उभी पट्टी कोरी, म्हणजे कितपत उरलंय ते काकूलाही दिसेल. मी सवयीने आधी लायनरने गोल रेघ काढली. ती वाळल्यावर आजीने बरणी हातात घेतली, अंगठा फिरवला आणि थांबली. "ही रेघ लागते की गं हाताला. मिठाला एक काढ, साखरेला दोन काढ. मग तुझा रंग दिसला नाही तरी चालेल."

सिस्टरनी आम्हाला लायनर शिकवला तो रंग सांडू नये म्हणून. इतकी वर्षं मी त्याच्याकडे डोळ्यांनीच बघत होते. आजीने पाच मिनिटांत डिझाइन सुधारलं. मिठाला एक रेघ, साखरेला दोन, रव्याला तीन, पिठीला नागमोडी, सोड्याला ठिपकेच ठिपके. तीन रंग आणि दोन ट्यूब, सगळा खर्च चारशेच्या आत. तीन दिवस बरण्या वाळल्या, चौथ्या दिवशी भरल्या.

आजी लगेच आत आली असं नाही. दोन दिवस बरण्या नुसत्याच होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपलेले असताना ओट्याकडून आवाज आला. मी उठले नाही, पडल्या पडल्या ऐकत राहिले. झाकण उघडल्याचा आवाज, थोडा वेळ शांतता, मग चमच्याचा आवाज. चहाचा कप माझ्यासमोर आला तेव्हा आजी म्हणाली, "आधी पिऊन बघ, मग बाकीच्यांना उठव." चहा गोड होता. जरा जास्तच गोड, पण ते तिच्या हातचं नेहमीचंच! काकाने दोन कप घेतले. बोलला काही नाही. संध्याकाळी बाजारातून येताना मात्र फळीच्या वर लावायला एक जास्तीची ट्यूब घेऊन आला.

कुणाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं काय कौतुक? पण मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असं एखादं माणूस आहे, जे हळूहळू खुर्चीकडे सरकतंय. घरातले त्याला विश्रांती म्हणतात. त्याचं नेमकं अडतंय कुठे ते एकदा विचारून बघा. उत्तर फार मोठं नसतं. कधी जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीला रंगाचा पट्टा हवा असतो, कधी औषधाच्या सकाळच्या आणि रात्रीच्या डबीला वेगवेगळी रेघ. एका वेळी एकच गोष्ट करा आणि ज्याच्यासाठी करायची त्यालाच टेस्टिंगला बसवा.

मागच्या रविवारी आजीचा फोन आला होता. "मिठाची बरणी जरा फिकी वाटतेय बाळ. येशील तेव्हा बघ." धुऊन धुऊन रंग उडाला असेल. काकूला विचारलं तर ती म्हणाली, "नाही गं, लाल आहे तसाच आहे." मग आजीनेच पुन्हा फोन घेतला. "राहू दे रंगाचं. रेघा तेवढ्या जाड काढ."

या सुट्टीसाठी मी लायनरच्या चार ट्यूब घेऊन ठेवल्यात.

— तृतीय वर्ष, उत्पादन अभियांत्रिकी