तीन नंबरची बाटली

पिंपळे नावाची गावे तिकडे तीन आहेत: गुरव, निलख आणि सौदागर. गुरव आणि निलख यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. मी राहिलो तो सौदागरात, अक्काच्या बिऱ्हाडी, सबंध वैशाख. पुण्याहून लोकलने पिंपरीला उतरावे आणि रिक्षाने पवनेचा पूल ओलांडावा, की समोर बारा-बारा मजली इमारतींची रांग उभी राहते. एकेकाळी येथे ज्वारीची शेते होती, हे अक्का दर खेपेला सांगते आणि मी दर खेपेला नव्याने आश्चर्य करतो.

पवना नदी हाकेच्या अंतरावर, आणि पाण्याची मात्र ओढ! 2019 च्या अखेरीस शहरात एक दिवसाआड पाणी सोडायला सुरुवात झाली आणि दारोदार टँकर आले. अक्काच्या सोसायटीतही एक यायचा. चालक-मालक एकच, पन्नाशीचा, उन्हाने रापलेला. फाटकाशी उभा राहून नळी जोडायची, खाली बसून तंबाखू मळायची, नळी काढायची, जायचे. कोणाशी बोलणे नाही.

मी गेल्यावर आठवड्यातच इमारतीतली मुले एकामागून एक आजारी पडली. जुलाब, उलट्या. अक्काचा चार वर्षांचा नातू दोन दिवस सलाईनवर होता. त्याच्या एवढ्याशा हाताला बांधलेली ती फळी पाहून माझे डोके फिरले. सोसायटीची सभा भरली आणि दहा मिनिटांत निकाल लागला: टँकरचे पाणी. चिटणिसांनी पत्र लिहायचे ठरवले. मी निवृत्त मराठी शिक्षक. मसुदा माझ्याकडे आला. “निष्पाप बालकांच्या जिवाशी खेळ” हे शब्द माझेच. पत्र सर्वांना आवडले. ते फोनवरून शेजारच्या दोन सोसायट्यांतही फिरले आणि तिथूनही त्या माणसाचे काम सुटले.

माझी भाची मुक्ता एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ती संध्याकाळी घरी आली, पत्र वाचले आणि एवढेच म्हणाली, “मामा, कशावरून?”

मला उत्तर सुचले नाही. शिक्षकाला असला प्रश्न आवडतही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने निर्जंतुक केलेल्या चार बाटल्या आणल्या. क्लोरिन वाटेतही जंतू मारीत राहतो, म्हणून तो निकामी करणारे थायोसल्फेट बाटल्यांत आधीच घातलेले. एक पालिकेच्या नळाची, एक सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीची, एक अक्काच्या स्वयंपाकघरातली. चौथीसाठी आम्ही टँकरवाल्याला शोधत गेलो. कोकणे चौकाच्या अलीकडे एका फाटकाशी तो उभा होता. तेवढे एकच गिऱ्हाईक राहिले होते. मुक्ताने काय हवे ते सांगितले. “घ्या ताई. बाटली कशाला, हंडा घेऊन जा,” तो म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. पत्र कोणी लिहिले हे त्याला ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे.

मग मुक्ताने एक चमत्कारिक गोष्ट केली. बाटल्यांवर नंबर घालण्याचे काम तिने मला दिले आणि स्वतः पाठ फिरवून उभी राहिली. कोणती बाटली कुठली, ते कागदावर लिहून मी खिशात ठेवायचे. “मला कळलं तर हात आपोआप एकीकडे झुकतो,” ती म्हणाली. टँकरच्या बाटलीवर मी तीनचा आकडा घातला.

बर्फाच्या डब्यातून बाटल्या घेऊन आम्ही निघालो. वाट पेनिसिलीनच्या कारखान्यावरून वळवली, कारण मला तो पाहायचा होता. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी येथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. अक्काचे यजमान येथेच फर्मेंटेशन खात्यात होते. म्हणून तर हे कुटुंब इकडे आले. ते सांगत, हजारो लिटरच्या पिंपात एखादा परका जंतू शिरला, तर तो पेनिसिलीनच खाऊन टाकतो आणि सगळा घाणा नासतो. मग प्रयोगशाळेत धावपळ: कोण शिरला, कुठून शिरला? याच कारखान्यात डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका जीवापासून बुरशीवरचे औषध शोधले. औषध हॅमायसीन आणि जीव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचे नाव असे लॅटिनच्या पंगतीला जाऊन बसले!

प्रयोगशाळेत परीक्षेची तयारी चालली होती. प्रत्येक विद्यार्थ्याला एक नळी देतात, वर फक्त आकडा. आतला जंतू ओळखून दाखवायचा. मला वाटले होते, सूक्ष्मदर्शकातून पाहिले की झाले. मुक्ता हसली. सूक्ष्मदर्शकात दिसतात त्या काड्या नाही तर ठिपके. शेकडो जाती एकाच तोंडवळ्याच्या. तेव्हा स्थळाची चौकशी करतात तशी करायची: काय खातो, काय पचत नाही, मागे काय टाकतो.

चारही पाण्यांचे थेंब तिने मॅकाँकी नावाच्या तांबूस थरावर पसरले आणि बशा 37 अंशांच्या पेटीत ठेवल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. खरे सांगतो, तीन नंबरच्या बशीत घाण निघावी अशी माझी इच्छा होती. पत्र खरे ठरले असते.

सकाळी पेटी उघडली. एक नंबर स्वच्छ. दोन नंबरवर गुलाबी ठिपक्यांची दाटी. तीन नंबर कोरी करकरीत. चार नंबरवर पुन्हा गुलाबी. मुक्ता म्हणाली, “दोन आणि चार.” तिला अजून काही ठाऊक नव्हते, मी खिशातला कागद घामाने भिजवीत उभा होतो.

गुलाबी म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारा. पण असे मातीतलेही काही असतात, आणि चिटणीस तेच म्हणणार होते. म्हणून पुढची चौकशी. ग्रॅमच्या पद्धतीने जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल आणि शेवटी तांबडा; काड्यांनी जांभळा सोडला, तांबडा धरला. मग चार नळ्या. पहिलीत कोवॅकचे थेंब टाकताच वर लाल कडे उमटले. दुसरी लाल झाली. तिसरी बदलली नाही. चौथीतला हिरवा सायट्रेटचा थर हिरवाच राहिला. मातीतल्या भावंडाने तो निळा केला असता. हे सारे व्हायला पाच दिवस गेले. नाव निघाले एशेरिकिया कोलाय: माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यातला रहिवासी. मुले याच जंतूने आजारी पडली, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही, हेही तिने बजावले. पण पाण्यात मैला मिसळतो आहे, ही वर्दी मात्र पक्की.

तेव्हा मी कागद काढला.

टाकी उपसली. आत, मैल्याच्या चेंबरकडच्या भिंतीला बोटभर चीर होती. चिटणीस म्हणाले, “तरी त्या दिवशीच्या टँकरचं काय? बाटली तर नंतरची.” मुक्ताने ते मान्य केले, तिची बाटली त्या एका सकाळपुरतीच बोलत होती. पण चीर सर्वांनी डोळ्यांनी पाहिली होती.

मी चौकात गेलो. टँकरवाला तंबाखू मळत होता. मी काय बोललो ते आठवत नाही. बरेच बोललो असेन. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “गुरुजी, तोंडी नको. ते लिहिलं होतं, हेही लिहा.”

लिहिले. या खेपेला निष्पाप बालके आली नाहीत. चार ओळी झाल्या. खाली माझी सही केली, सोसायटीची नव्हे. फोनवरून फिरवायचे ते अक्काच्या नातवाने फिरवले, म्हणजे बोट त्याचे आणि फोन मुक्ताचा. अक्काच्या सोसायटीने टँकर परत लावला. शेजारच्या दोघांपैकी एकीने लावला. दुसरीला तोवर शंभर रुपयांनी स्वस्त माणूस मिळाला होता.