रेडॉनराव तळघरकर

अमेरिकेत घर घ्यायला निघालं की चार जणांशी गाठ पडते. रिअल्टर गोडबोल्या, कर्ज देणारा चिकट, वकील कायम घाईत आणि इन्स्पेक्टर घुम्या. पाचवे गृहस्थ या चौघांच्या आधीपासून घरात येऊन बसलेले असतात, पण त्यांची ओळख कुणी करून देत नाही. त्यांना रंग नाही, वास नाही, चव नाही. मुक्काम शक्यतो बेसमेंटमध्ये. म्हणून मी त्यांना रेडॉनराव तळघरकर म्हणतो.

घराणं मोठं आणि फार जुनं. मूळ पुरुष युरेनियम. त्याचं अर्धायुष्य जवळजवळ पृथ्वीच्या वयाइतकं. त्याच्या वंशात पुढे रेडियम, अर्धायुष्य 1600 वर्षं. आणि रेडियमच्या पोटी हे रेडॉनराव, अर्धायुष्य जेमतेम 3.8 दिवस. पण एका बाबतीत त्यांनी सगळ्या पूर्वजांवर ताण केली. बाकीचे सगळे धातू, खडकात जखडलेले. कुळात वायू म्हणून जन्माला आले ते हेच, त्यामुळे घराबाहेर पडणं फक्त यांच्याच नशिबी. मातीच्या कणांमधून वाट काढत ते वर येतात. उघड्या माळावर निघाले तर वाऱ्यात पांगतात, कुणाला पत्ताही लागत नाही. वर घर असलं की मात्र मुक्काम पडतो.

अर्थात बोलावणं घराकडूनच जातं. थंडीत दारं-खिडक्या बंद आणि हीटर चालू. गरम हवा वर चढून माळ्याच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला घर जमिनीतून हवा ओढून घेतं. काँक्रीटच्या तळाला गेलेली एखादी बारीक चीर, संप पंपाचा खड्डा, पाइपाभोवती राहिलेली फट, एवढं पुरतं.

स्वभाव म्हणाल तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. निष्क्रिय वायूंच्या घरातले, कशाशी संयोग पावणार नाहीत. श्वासाबरोबर आत गेले तर बहुतेक वेळा जसे गेले तसे बाहेर येतात. सगळी भानगड पोरांची. पोलोनियम नावाची त्यांची प्रजा पुन्हा धातूची, चिकटणारी. ती धुळीच्या कणांवर बसते, कणांबरोबर फुप्फुसात शिरते आणि तिथल्या नाजूक अस्तरावर अल्फा कणांचा मारा करते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज असा की त्या देशात दर वर्षी सुमारे 21,000 माणसं यामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावतात. सिगारेट ओढणाऱ्याला धोका कितीतरी जास्त, पण न ओढणाऱ्यांतही या रोगाचं पहिलं कारण म्हणून यांचंच नाव घेतात.

एवढी करणी असूनही रेडॉनराव जगापुढे आले ते उशिरा, आणि तेही दुसऱ्याच्या दारात. 1984 चा डिसेंबर. पेनसिल्व्हेनियात लिमरिकचा अणुवीज प्रकल्प सुरू होण्याच्या बेतात होता. तिथल्या स्टॅनली वॉट्रस या अभियंत्याला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रापुढे उभं केलं की भोंगा वाजायचा. प्रकल्पात कुठे काही सांडलं-लवंडलं म्हणावं, तर तसंही नाही. शेवटी तो एकदा कामावर आल्या आल्या, आत कुठेही न जाता, थेट यंत्रापुढे जाऊन उभा राहिला. भोंगा वाजलाच. बॉयरटाउनजवळच्या त्याच्या घरातली हवा मोजली तेव्हा लिटरमागे सुमारे 2,700 पिकोक्युरी निघाले. सरकार आज 4 ला दुरुस्ती करा म्हणतं. ज्या प्रकल्पापासून लोकांना जपायचं, त्यालाच या माणसाच्या घरापासून जपायची वेळ आली होती! कुटुंबाने घर सोडलं आणि दुरुस्ती झाल्यावर काही महिन्यांनी परत त्याच घरात राहायला आलं.

ते घर रीडिंग प्राँग नावाच्या खडकाळ पट्ट्यावर होतं. हाच पट्टा पुढे न्यू जर्सीत उतरतो, आणि न्यू जर्सीत मराठी माणूस घर घेताना पहिला प्रश्न विचारतो तो बेसमेंट ‘फिनिश्ड’ आहे का. कारण गणपतीची आरास तिथे, मंडळाच्या नाटकाच्या तालमी तिथे, आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांचं अंथरूणही तिथेच. रेडॉनरावांना इतकी माणसांची संगत क्वचितच मिळत असेल.

गंमत अशी की इन्स्पेक्टर आला की लोक त्याच्या मागे मागे हिंडतात ते वाळवीसाठी. ती आपल्या ओळखीची. भिंतीवर जिथे घराचं लाकूड टेकतं तिथे तो टॉर्च मारतो, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जातो, आवाज पोकळ आला की टोक खुपसतो. पायाच्या भिंतीवर चढलेली मातीची अरुंद नळी दिसली की नखाने तिचा पापुद्रा उडवतो. आत पांढुरक्या किड्यांची ये-जा चालू असली की घेणाऱ्याचा चेहरा उतरतो आणि किंमतही. वाळवीला मी एका अर्थी प्रामाणिक म्हणेन. खाते, पण खाल्ल्याच्या खुणा ठेवते. रेडॉनराव खुणा ठेवत नाहीत. त्यांच्यासाठी इन्स्पेक्टर फक्त एक यंत्र तिवईवर ठेवतो, जमिनीपासून उंच, खिडकीपासून लांब, आणि निघून जातो. निदान 48 तास ते तिथे तासागणिक आकडे लिहीत बसतं. त्याआधी 12 तास आणि मोजणी चालू असेतो घराच्या सगळ्या खिडक्या बंद हव्यात.

ही अट आमच्या ओळखीतल्या एका घरात चांगलीच महागात पडली. घर विकायला काढलेलं, सासूबाई साताऱ्याहून आलेल्या. “आई, दोन दिवस खिडक्यांना हात लावू नका हं,” असं सून बजावून गेली होती. पण सकाळी उठून खिडकी उघडली नाही तर तो दिवस उजाडला असं त्या मानतच नाहीत. “अगं, केवढं कोंदटलंय! घर आहे की पेटारा?” दोन्ही दिवस त्यांनी सकाळी सातला बेसमेंटच्या खिडक्या सताड उघडल्या आणि सून उठायच्या आत लावूनही टाकल्या. यंत्राच्या आलेखावर सातच्या ठोक्याला दोन खड्डे पडले. इन्स्पेक्टरने त्यांवर बोट ठेवलं, घेणाऱ्यांना लबाडीचा वास आला, मोजणी पुन्हा झाली आणि आकडा 4 च्या वर गेला.

सासूबाईंचं तरी काय चुकलं? सह्याद्रीचा काळा दगड बेसॉल्टचा. त्यात युरेनियम अगदीच कमी. घराला बेसमेंट नाही, खिडक्या दिवसभर उघड्या. साताऱ्यातल्या त्यांच्या वाड्यात रेडॉनराव आले असतेच, तर मागच्या दाराने निघूनही गेले असते.

माझं भांडण आहे ते त्या 4 च्या आकड्याशी, किंवा लोक त्याचा जो अर्थ लावतात त्याच्याशी. 4.1 आला की ठणाणा, 3.9 आला की पेढे. ती काही विषाची रेघ नव्हे. त्याखाली धोका कमी होतो, संपत नाही. 2 ते 4 मध्ये आकडा असला तरी दुरुस्तीचा विचार करा, असं तीच सरकारी संस्था सांगते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये सुचवलेली मर्यादा तर 2.7 च्या आसपास येते. पण घराच्या सौद्यात कुणाला आरोग्य हवंय? आकडा म्हणजे किंमत पाडायचं हत्यार. किल्ल्या हातात आल्या की रेडॉनरावांचा विषय संपतो, पुढची वीस वर्षं त्याच घरात काढणारे परत एकदाही मोजत नाहीत.

वास्तविक या गृहस्थांना घालवणं वाळवीपेक्षा सोपं. विष फवारायला नको, लाकूड बदलायला नको. काँक्रीटला भोक पाडून खाली पीव्हीसीचा पाइप सोडायचा, तो छपराच्या वर न्यायचा आणि माळ्यावर त्याला पंखा जोडायचा. पंखा जमिनीतली हवा ओढत राहतो, रेडॉनराव पाइपातून वर जातात, तक्रार नाही की कुरकूर नाही. पाइपावर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची पारदर्शक नळी असते, त्यात रंगीत द्रव. दोन्ही बाजूंचा द्रव एका पातळीत आला की समजायचं पंखा बंद पडला. घर बघायला गेलात तर मार्बलचा ओटा नंतर बघा, आधी ही नळी बघा. आणि पाइप दिसला म्हणून घाबरून परत फिरू नका. पाइप नसलेल्या, कधीच न मोजलेल्या घरापेक्षा मला ते घर जास्त भरवशाचं वाटतं.

ऑस्ट्रियात बाड गास्टाइनजवळ मात्र याच गृहस्थांचा थाट वेगळा. सोन्यासाठी खणलेल्या एका बोगद्यात लोक छोट्या आगगाडीने जातात आणि सांधेदुखी जावी म्हणून उकाड्यात बाकांवर पडून यांना छातीभर ओढून घेतात. पैसे भरून! न्यू जर्सीतल्या कुठल्याही घरमालकाने त्यांची सोय आपल्या बेसमेंटमध्ये फुकट केली असती, वर चहाही पाजला असता.